चार तारा म्हाताऱ्या करायच्या आहेत

"साहेब, तारा बदलून टाकल्या. पैसे नकोत. माझ्याकडून समजा."

हे वाक्य दुरुस्तीवाला इतक्या प्रेमाने बोलला, की त्याचा गळा धरावा की त्याच्या गळ्यात पडावं हेच मला क्षणभर कळेना. मंगळवारची दुपार होती. दुकानात अकरा वाद्यं पोट उघडं टाकून पडली होती आणि मधल्या टेबलावर दादांचा बेस होता, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखा. कडेचे घामाचे डाग गायब. मनगट टेकून टेकून काळी पडलेली जागा घासून लख्ख. आणि त्यावर चार नव्याकोऱ्या तारा. मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की वायर खोचतात तिथे खरखर येते, तेवढी घालव. खरखर गेली होती, यात शंका नाही.

"जुन्या तारा कुठे आहेत?" मी विचारलं.

"त्या होय! साहेब, काय अवस्था झाली होती त्यांची! मला हात लावायची लाज वाटत होती. पक्कडीने मधोमध कापल्या आणि सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत दिल्या. आता ऐका."

त्याने जाडी तार छेडली. टण्ण! भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान हललं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. कारणं वेगळी होती. दादांना जाऊन चौदा महिने झाले होते, आणि त्या दुपारी ते दुसऱ्यांदा गेले.

बेस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही (म्हणजे माझे सासरे धरून जवळजवळ सगळेच), त्यांच्यासाठी थोडं सांगणं भाग आहे. बेस दिसायला गिटारसारखाच, पण लांब आणि जड, आणि त्याला सहाऐवजी चारच तारा. एकोणीस वर्षं मी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय आणि एकोणीस वर्षं लोक विचारतायत, "उरलेल्या दोन कधी बसवणार?" सासऱ्यांनी एकदा बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, की अडचण असेल तर दोन तारा मी घेऊन देतो, जावयाला बोलू नकोस. तर बेसचं काम गाणं खालून धरून ठेवायचं. भाजीतल्या मिठासारखं. असलं की कुणी नाव काढत नाही, नसलं की ताट सरकवतात.

आणि बेसच्या तारा बदलायच्या नसतात. गिटारवाले उठसूट बदलतात, कारण त्यांना चमक हवी असते. बेसवाल्याची तार जितकी जुनी, घामट आणि मळकी, तितका तिचा आवाज बसका आणि मऊ. जमिनीवर उशी टाकावी तसा. धप्. दादांच्या तारा सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्यांची बोटं, त्यांचा घाम, छापखान्यातल्या नोकरीची शाई, सगळं त्यांत मुरलेलं होतं. मी जुने बेस जमवतो. घरात सहा आहेत. एक कपाटामागे, दोन पलंगाखाली, एक फ्रिजच्या फटीत, एक बाथरूमबाहेर (आतून पाणी आलं की बायको आधी त्याला हलवते, मग मला) आणि सहावा माझ्या उशाशी. त्यांतला एकही मला दादांच्या बेसइतका मोलाचा नव्हता, आणि नेमका तोच मी स्वतःच्या पायांनी दुकानात नेऊन दिला होता.

आता का नेला, ते. दादा म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्रातले माझ्या आधीचे बेसवाले, माझे गुरू. त्यांच्या जागी मी आलो. कसा आलो ते पुढे सांगावंच लागेल, पण मला त्याची घाई नाही. तर त्या मंगळवारच्या आदल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे दादांची बायको.

"भाऊजी, मी घर सोडतेय. लेकीकडे चाललेय, कायमची. पुढच्या रविवारी संध्याकाळी ती न्यायला येईल. त्याआधी दुपारी एकदा येऊन ह्यांचा बेस वाजवाल का?"

"वाजवेन की, वहिनी! त्यात काय विचारायचं?"

"समोर बसून नको हं. तुम्ही बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. मधलं दार ओढून घ्यायचं. मी तसाच ऐकलाय."

वहिनी कार्यक्रमाला कधी आल्या नाहीत. दादा रोज दुपारी तीन ते चार बाहेरच्या खोलीत बसून वाजवायचे आणि त्या दाराआड भांडी आवरायच्या. गाणी त्यांना फक्त खालून माहीत. रेडिओवर तेच गाणं लागलं तर त्यांना ओळखू यायचं नाही. दादा म्हणायचे, "अगं, हे मी रोज वाजवतो." त्या म्हणायच्या, "काहीतरीच! ते किती साधं आहे. ह्यात नुसता गोंधळ."

अशा बाईला ऐकवायचं म्हणून मी खरखर काढायला गेलो, आणि आवाजच काढून आणला. रविवारला पाच दिवस उरले होते.

बुधवारी सकाळी मी कचरा विभागाच्या खिडकीवर उभा होतो. माझ्या पुढे चौघे. माझा नंबर आला तेव्हा आतल्या कारकुनाने वर न बघता विचारलं, "काय हरवलं?"

"तारा. चार. पण कापलेल्या, म्हणजे आठ तुकडे."

"हरवल्या, का टाकल्या?"

"टाकल्या. पण चुकून."

"हरवली असेल तर पोलिसांकडे जा. टाकली असेल तर ती आता आमची झाली."

"आमची म्हणजे?"

"कार्यालयाची मालमत्ता."

"मग परत द्या ना."

"मालमत्ता अशी परत देत नाहीत. अर्ज करावा लागतो."

अर्जात वस्तूचं वर्णन, वय, किंमत आणि उपयोग असे रकाने होते. मी खोटं बोलत नाही, हा माझा दुर्गुण आहे. त्याबद्दलही पुढे येईल. मी लिहिलं, 'जुन्या, मळक्या, तुटलेल्या तारा. वय सत्तावीस. किंमत नाही. उपयोग नाही.' कारकुनाने ते मोठ्याने वाचलं. रांगेत माझ्यामागे एव्हाना नऊ माणसं झाली होती.

"मग पाहिजेत कशाला?"

"द्या हो," मागून एकजण म्हणाला, "भावना असतील त्यांच्या."

"भावनांचा रकाना नाही," कारकून म्हणाला. पण तोही माणूसच. त्याने माझ्या हातातून पेन घेतलं, 'उपयोग नाही' वर काट मारली, 'कौटुंबिक' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

शेडमध्ये वायरी, सळया आणि स्प्रिंगांचा माझ्या खांद्याइतका ढीग होता. इस्त्रीच्या पॅंटने मी त्यासमोर गुडघे टेकले. तासभर उपसूनही काही लागेना. शेवटी तिथे कचरा वेगळा करणाऱ्या बाईंना माझी दया आली. "कशी दिसते?" त्यांनी विचारलं. टोकाला तांबडा दोरा गुंडाळलेला असतो, असं मी म्हणालो, आणि त्यांनी दहा मिनिटांत एक तुकडा ओढून काढला. जाड तार, दीड वीत, तांबड्या दोऱ्याची.

"हीच का?"

मी मान हलवली.

"कुणाची होती?"

"आमच्या दादांची."

त्यांनी तो तुकडा आपल्या पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला. पुसू नका म्हणावं असं फार वाटलं, पण ते काही मला जमलं नाही. मग फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. कचरा आत आणायला काही लागत नाही, बाहेर न्यायला पास लागतो. तो पास मिळेपर्यंत दुपारचे दोन वाजले.

तुकडा घेऊन मी सोनाराकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावून पाहिलं. "जोडतो की. सांधा दिसायचा नाही. फक्त ओढू नका." तार न ओढता बेस वाजवायची विद्या अजून निघालेली नाही. मी त्याचे आभार मानले आणि तुकडा खिशात घालून घरी आलो.

"अहो!" दारातच बायकोची हाक आली. आमच्या घरी 'अहो'चे सहा-सात प्रकार आहेत आणि नुसत्या आवाजावरून कुठला ते मला कळतं. हा पॅंटच्या गुडघ्यांवरचा होता. मी सगळी हकीकत सांगितली तेव्हा मात्र तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाली, "वहिनींना फोन करून खरं सांगून टाका ना."

"आणि काय सांगू? दादांनी एकच गोष्ट मागितली होती, तीही मला सांभाळता आली नाही, हे?"

दादांनी बेस हातात देताना एवढंच म्हटलं होतं, "वाजव. तारा बदलू नकोस." त्यानंतर अकरा दिवसांनी ते गेले.

तोडगा ड्रमरने काढला. आमचा ड्रमर मुळात आडदांड, पण अडचणीत डोकं चालतं त्याचं. "जुन्या मिळत नाहीत ना? मग नव्या म्हाताऱ्या कर. घाम, तेल, मळ. लाव माणसं कामाला." जगात सगळे तरुण व्हायच्या खटपटीत असताना आपण चार दिवसांत चार तारांना म्हातारपण आणायचं, हे मला आधी विचित्र वाटलं. पण बुडत्याला काडीचा आधार. मी बेस बैठकीत आडवा ठेवला आणि दोन्ही हातांनी तारा चोळायला लागलो.

ही बातमी इमारतीत पसरायला अर्धा तास लागला. पहिले आले ते समोरचे निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी आधी कागदावर हिशेब मांडला. सत्तावीस वर्षं, रोज एक तास, म्हणजे नऊ हजार आठशे पंचावन्न तास. दहा माणसं लावली आणि कुणी झोपलं नाही, तरी एक्केचाळीस दिवस. "मंजूर होण्यासारखं नाही," ते म्हणाले, "पण प्रस्ताव पाठवायला हरकत नाही." मग त्यांनी जरा लाजत आपले तळहात पुढे केले. "माझ्या हातांना घाम येतो. जन्मापासून. सगळी नोकरी त्यात गेली. फायली ओल्या व्हायच्या, साहेब रुमालाने धरायचे. हस्तांदोलन तर मला कुणी केलंच नाही. तुमच्या काही उपयोगाचे असतील तर बघा."

त्यांचे हात म्हणजे खरोखर खजिना होता. ते रोज दहाच्या ठोक्याला येत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर कोट अडकवत, बारापर्यंत तारा चोळत आणि जाताना वहीत सही करत. वही त्यांनीच आणली होती. चौतीस वर्षांत ज्या हातांची लाज वाटली, त्या हातांकडे ते दोन तास असे बघत बसायचे, की मला त्यांना थांबवायचा धीर व्हायचा नाही.

गुरुवारी तळमजल्यावरचा गॅरेजवाला आला. "हात धुऊन येऊ का?" त्याने विचारलं, आणि आम्ही सगळे एका सुरात "नको!" म्हणून ओरडलो. माणूस भारावला. त्याने इतक्या मनापासून ग्रीस लावलं, की तारांवरून बोट बर्फावरून घसरावं तसं घसरू लागलं. त्यावर उपाय म्हणून वरच्या मजल्यावरच्या मावशींनी आपलं गुलाबाच्या वासाचं क्रीम आणलं. क्रीमने ग्रीस गेलं नाही. उलट ग्रीसला गुलाबाचा वास यायला लागला. ड्रमर रोज संध्याकाळी परीक्षक म्हणून येई, एक तार छेडी, डोळे मिटून ऐके आणि वय सांगे. "दीड वर्ष." "दोन होत आली." जाडी तार लवकर वयात येत होती. बारकी मात्र हट्टी. तिला कितीही चोळा, टण्ण!

शुक्रवारी सकाळी जिन्यात सोसायटीची सूचना लागली. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, दुसऱ्या मजल्यावरील एका सदनिकेत विनापरवाना हात चोळण्याचा प्रकार सुरू असून त्यामुळे जिन्याच्या कठड्यास तेलकटपणा आला आहे. संबंधितांनी हात पुसून बाहेर पडावे.' हात पुसून बाहेर पडावे यात आत जायला परवानगी गृहीत आहे, असा अर्थ हेडक्लार्कांनी काढला. दुपारी सूचनेवर सही करणारे सेक्रेटरी स्वतः पाहणीला आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाच मिनिटं खिडकीबाहेर बघितलं. "माझ्या मिसेसचा मोबाइल मी अजून चार्ज करतो," ते म्हणाले. "कुणाचा फोन येत नाही त्यावर. पण करतो." मग बाह्या सरसावून तिसऱ्या तारेला बसले. त्यांच्या मिसेस जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

शुक्रवारीच संध्याकाळी एका कंपनीच्या वार्षिक समारंभात आमचा कार्यक्रम होता. घाम हवा, म्हणून मी दादांचाच बेस घेऊन, गरम कोट घालून गेलो, दिव्यांखाली उभा राहिलो आणि माझ्या बाजूचा पंखा बंद करायला लावला. गायिकेला बरं वाटेना; ती म्हणाली, हा माणूस शिजतोय, मला का शिजवतोय? मी ऐकलं नाही. घाम मात्र झकास आला. फक्त त्या ग्रीसमुळे तिसऱ्या गाण्यात माझं बोट घसरलं आणि माझा सूर ठोक्याच्या केसभर मागे पडला.

केसभरच. प्रेक्षकांतल्या एकालाही कळलं नसेल. पण स्टेजवरच्या साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. कारण आमच्या ऑर्केस्ट्रात मला 'घड्याळ' म्हणतात. माझा सूर एकोणीस वर्षांत कधी पुढे गेला नाही, मागे राहिला नाही. आणि दादा ज्याच्यामुळे ऑर्केस्ट्रातून गेले ते हेच, म्हणून आता ते सांगतो.

दोन वर्षं मी दादांकडे शिकलो. त्यांचा बेस उचलून न्यायचा, तालमीला मागे बसायचं. दादांचा सूर किंचित उशिरा यायचा. ठोका पडला, की मग दादा. ड्रमर तेव्हा तरुण होता, त्याला ते खटकायचं. एका तालमीत ऑर्केस्ट्राच्या मालकांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "तुझा कान चांगला आहे. खरं सांग, दादा मागे राहतात का?" मला 'कळत नाही' म्हणता आलं असतं. पण मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझा कान चांगला आहे, असं मालक म्हणाले होते. मी म्हणालो, "हो. जरासे राहतात."

दादा बेस पुसत होते. ते पुसतच राहिले. पुढच्या आठवड्यात मालकांचा फोन मला आला. मी रडकुंडीला येऊन दादांकडे गेलो, तर ते म्हणाले, "अरे घे. तू वेळेवर आहेस." त्यानंतर ते पुन्हा स्टेजवर चढले नाहीत. छापखान्यातून यायचे, जेवायचे आणि तीन वाजता बंद खोलीत वाजवायला बसायचे, जवळजवळ अठरा वर्षं. मी जायचो, ते "कसं चाललंय?" विचारायचे, मी "बरं चाललंय" म्हणायचो. ते वाक्य मी कधी काढलं नाही, त्यांनीही नाही. आज काढीन, उद्या काढीन करता करता माणूस गेला. म्हणून ह्या तारा. आता तरी नीट कळलं असेल, मी कचऱ्यात गुडघ्यावर का बसलो होतो ते.

शनिवारी परीक्षकांनी शेवटचा निकाल दिला. "तीन जाड्या साधारण चार वर्षांच्या. बारकी अजून शाळेत आहे." त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून आली. माझ्याशेजारी खाली बसली आणि हाताला लागलेलं तेल बारक्या तारेला चोळत राहिली. चारच्या सत्तावीस होणार नव्हत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रविवारी दुपारी पावणेतीनला मी वहिनींकडे पोचलो. बाहेरच्या खोलीत चौदा खोकी होती, दोरी बांधून, वर नावं घालून. भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोन. फक्त दादांची खुर्ची आणि त्यांचा छोटा स्पीकर तसाच होता. वहिनींनी बेसला हात लावला.

"गुलाबाचा वास कसला येतोय हो?"

"मोठी गोष्ट आहे, वहिनी."

"असू दे. बसा."

त्या आत गेल्या आणि मधलं दार ओढून घेतलं. आतून नळाचा आवाज यायला लागला. मी तीनच्या ठोक्याला सुरुवात केली. दादा नेहमी जे आधी वाजवायचे तेच गाणं, नखाइतकाही फरक न करता, हळू, मऊ बोटांनी. बारकी तार मी शक्यतो टाळत होतो. अर्ध्यात आलो आणि आत नळ बंद झाला. दार उघडलं. वहिनी हात पुसत उभ्या होत्या.

मी बेस खाली ठेवला. "वहिनी, मला माफ करा. तारा बदलल्या गेल्या. माझी चूक झाली. दादांनी एवढं एकच सांगितलं होतं."

"कसल्या तारा?"

"ह्या. सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्यांत दादांचा घाम होता, मळ होता, सगळं मुरलेलं होतं..."

"मळ कसला?" वहिनी म्हणाल्या. "दरवर्षी उकळायचे ते. माझं दुधाचं पातेलं घ्यायचे त्यासाठी. तारा काढायच्या, सोडा घालून उकळायच्या, पुसून पुन्हा लावायच्या. दूध नासायचं माझं."

माझ्या डोळ्यांसमोर हेडक्लार्कांची वही आली, गॅरेजवाला आला, कचऱ्याचा ढीग आला.

"तारांचं मला काय कळतंय, भाऊजी? आवाज तोच आहे. पण तुम्ही वेळेवर येताय."

"म्हणजे?"

"ह्यांचं कसं असायचं, माझं भांडं विसळून व्हायचं, मी हात थांबवायचे. आता येईल, आता येईल. मग यायचा सूर. यायचाच, पण जरा थांबून. तुम्ही वाट बघायला वेळच ठेवत नाही." त्या खोक्यांकडे बघत म्हणाल्या, "सगळे म्हणायचे, हे मागे राहतात. मला नाही कधी मागे वाटले. मी तिथेच असायचे."

"वहिनी, त्या तालमीत मालकांनी विचारलं तेव्हा मीच..."

"ठाऊक आहे मला. त्याच दिवशी घरी येऊन म्हणाले, पोरगं खरं बोललं. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा बसले वाजवायला." त्यांनी पदराने डोळे टिपले. "वाजवा आता. लेक पाचला येईल. चहा टाकते."

त्यांनी पुन्हा दार ओढून घेतलं. मी बेस उचलला. वेळेवर येणं ही एकच गोष्ट मला आयुष्यात येते, आणि ती टाकायची म्हणजे हात कापल्यासारखं वाटलं. पायाने ठोका दिला आणि बोट अडवून धरलं. आत्ता नाही. आत्ता नाही. मग सोडलं. पहिल्या ओळीत ते नुसतंच चुकल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या ओळीपासून मी दाराआडच्या बाईकडे लक्ष दिलं. आत एक भांडं विसळलं गेलं, हात थांबला, आणि मी आलो. दुसरं भांडं, पुन्हा शांतता, पुन्हा मी. त्या जराशा जागेत दादा अठरा वर्षं राहत होते, आणि स्टेजवरची त्यांची तीच जागा मोकळी करून घ्यायला मी मदत केली होती. मला काही दिसेनासं झालं. बेस वाजवायला डोळ्यांची गरज नसते, हे एक बरं.

गाणं संपलं. आत कपबशी वाजली. मग बंद दारामागून हाक आली, रोजच्या सवयीची, जरा वैतागलेली.

"अहो, झालं का? चहा गार होतोय."

माझ्या तोंडात 'आलो, वहिनी' आलं होतं, ते मी गिळलं. माझा आवाज ऐकला असता तर त्या भानावर आल्या असत्या. मी पायाने ठोका दिला, मनात एक श्वास मोजला आणि तेच गाणं पहिल्यापासून पुन्हा धरलं.